ईडीआय म्हणजे काय? दोन कंपन्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना ऑर्डर कशी देतात

सुपरमार्केटमध्ये तुम्ही बिस्किटाचा पुडा घेतला, काउंटरवर तो स्कॅन झाला, यूपीआयने पैसे गेले आणि तुम्ही बाहेर पडलात. तुमच्यापुरता व्यवहार संपला. दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र त्या पुड्याचा साठा एकने कमी झाला. असे दिवसभर एकेक पुडे कमी होत गेले की साठा ठरलेल्या आकड्याच्या खाली जातो आणि मोठ्या साखळी दुकानांमध्ये पुढची ऑर्डर कॉम्प्युटर स्वतःच तयार करतो. ती बिस्किट कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जाते, तिथून गोदामाकडे, आणि गाडी भरायला लागते. मध्ये कुणी फोन करत नाही. व्हॉट्सॲपवर 'दादा, दहा खोकी पाठवा' असं कुणी लिहीत नाही.

आता गंमत बघा. दुकानाचं सॉफ्टवेअर वेगळ्या कंपनीचं, बिस्किटवाल्यांचं वेगळं. एकाकडे 'माल क्रमांक' म्हणून जो रकाना आहे तो दुसऱ्याकडे भलत्याच नावाने आहे. तरी दोघांना एकमेकांचं कळतं. कारण दोघांनी आधीच ठरवलेलं असतं की ऑर्डर लिहायची ती अमुक एका साच्यातच. या पद्धतीला इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज म्हणतात, बोलीभाषेत ईडीआय.

मी काही वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आयटीचं काम बघत होतो. तिथे पहिल्यांदा ईडीआयची फाइल उघडली तेव्हा मला वाटलं फाइल करप्ट झालीये. सलग एकाच ओळीत अक्षरं, अधिकची चिन्हं, विसर्गासारखे दोन टिंब. मी ती डिलीट करणारच होतो. शेजारचे स्टोअरचे काका म्हणाले, 'अरे, तीच तर ऑर्डर आहे आपली!' त्या दिवसापासून या विषयाशी माझी जी दोस्ती झाली ती अजून आहे.

पीडीएफ पाठवली म्हणजे ईडीआय झालं का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात आधी काढूया. ईमेलने पीडीएफ पाठवली, तर समोर कुणीतरी माणूस ती उघडतो, वाचतो आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये परत टाइप करतो. फक्त पोस्टमनचं काम इंटरनेटने केलं, कारकुनाचं काम तसंच राहिलं. आणि चुका तिथेच होतात. ५६०० चं ६५०० होतं, एखादी ओळ सुटते, शुक्रवारी संध्याकाळी आलेली ऑर्डर सोमवारी टाइप होते.

ईडीआयमध्ये तीन गोष्टी लागतात. पाठवणारा कॉम्प्युटर, घेणारा कॉम्प्युटर, आणि दोघांना मान्य असलेला साचा. मध्ये टाइप करणारा माणूस नाही. माहिती कोणत्या वायरीतून गेली हा दुय्यम प्रश्न आहे. म्हणून तर ईडीआयचा जन्म इंटरनेटच्या खूप आधीचा आहे.

बर्लिनच्या विमानांपासून सुरुवात

१९४८ च्या जूनमध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. अख्ख्या शहराला पीठ, कोळसा, औषधं सगळं विमानाने पोचवायची वेळ आली. अमेरिका, ब्रिटन आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षभराहून जास्त काळ ते केलं, एकूण सुमारे २३ लाख टन माल. मालाच्या याद्या मात्र नाना भाषांत, नाना नमुन्यांत आणि वेगवेगळ्या प्रतींच्या संख्येत यायच्या. एडवर्ड गिल्बर्ट नावाचे अमेरिकन सैन्यातले एक गृहस्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. सगळ्यांसाठी एकच मालयादी, रकान्यांचा क्रम ठरलेला, जी टेलेक्सवरूनही पाठवता येईल आणि फोनवर वाचूनही दाखवता येईल.

लक्षात घ्या, यात कॉम्प्युटर कुठेच नाही. नुसता 'रकान्यांचा क्रम ठरवून घेऊ' हा करार आहे. माझ्या मते ईडीआयचं सगळं मर्म तिथेच आहे, पुढचं तंत्रज्ञान बदलत गेलं.

गिल्बर्ट पुढे ड्युपाँ या केमिकल कंपनीत गेले आणि तीच कल्पना त्यांनी मालवाहतुकीत वापरली. १९६८ मध्ये अमेरिकेत रेल्वे, ट्रक, जहाज अशा वाहतूक कंपन्यांची एक समिती उभी राहिली, तिने १९७५ मध्ये पहिले साचे छापले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 'एक्स-१२' नावाची समिती नेमली. आजही अमेरिकेत ऑर्डर, बिल, दवाखान्यांचे इन्शुरन्स क्लेम या एक्स-१२ साच्यांत जातात. युरोपात वेगळे साचे होते. मग संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली सगळ्यांना चालेल असा 'एडिफॅक्ट' तयार झाला आणि १९८७ मध्ये त्याच्या व्याकरणाला आयएसओ ९७३५ हा क्रमांक मिळाला. आपल्याकडे ज्या कारखान्यांचे ग्राहक युरोपातले आहेत त्यांना एडिफॅक्ट भेटतं, अमेरिकन ग्राहक असतील त्यांना एक्स-१२. काही बिचाऱ्यांना दोन्ही.

एक ऑर्डर उघडून बघू

खरी फाइल इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत असते. इथे मी तीच अक्षरं आपल्या लिपीत लिहितोय, आणि सोयीसाठी प्रत्येक तुकडा नव्या ओळीवर घेतोय. नंबर उदाहरणादाखल आहेत.

यूएनएच+१+ऑर्डर्स:डी:९६ए:यूएन'
बीजीएम+२२०+४५००१२३+९'
डीटीएम+१३७:२०२४०३१५:१०२'
डीटीएम+२:२०२४०३२२:१०२'
एनएडी+बीवाय+८९०१२३४००००१४::९'
एनएडी+एसयू+८९०१२३४००००२१::९'
एलआयएन+१++८९०१२३४५६७८९०:ईएन'
क्यूटीवाय+२१:४८:पीसीई'
यूएनएस+एस'
यूएनटी+१०+१'

आधी चिन्हं. शेवटी जो छोटा अवतरणासारखा टिंब आहे तो म्हणजे पूर्णविराम, तिथे एक तुकडा संपला. अधिकचं चिन्ह म्हणजे पुढचा रकाना. दोन टिंब म्हणजे एकाच रकान्यातले पोटभाग. बस्स, एवढंच व्याकरण. मालक्रमांकाच्या ओळीत दोन अधिक लागोपाठ दिसतायत ना? म्हणजे मधला रकाना रिकामा आहे, पण त्याची जागा राखून ठेवलीये. रेल्वेत रिकामा बर्थ असतो तसा. तो उचलून टाकला तर मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतील आणि घोळ होईल.

आता अर्थ. पहिल्या ओळीत 'ही ऑर्डर आहे आणि १९९६ सालच्या पहिल्या आवृत्तीप्रमाणे लिहिलीये'. हो, १९९६! ही आवृत्ती अजून जोरात चालू आहे. दुसऱ्या ओळीतला २२० म्हणजे कागदाचा प्रकार: ऑर्डर. बिल असतं तर ३८० आलं असतं. शेवटचा ९ सांगतो की ही मूळ प्रत आहे, दुरुस्ती नाही. तारखेच्या ओळीत १३७ म्हणजे कागद लिहिल्याची तारीख, पुढच्या ओळीतला २ म्हणजे माल कधी हवा ती तारीख.

आणि तारखेच्या मागचा १०२? तो मला सगळ्यात आवडतो. तो सांगतो की तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी वाचा. ०३/०४/२०२४ ही तारीख आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. एका महिन्याचा फरक, आणि दोन्ही तारखा खऱ्या वाटतात, त्यामुळे कॉम्प्युटरलाही शंका येणार नाही. म्हणून तारखेबरोबर ती कशी वाचायची हेही लिहायचं.

एनएडी म्हणजे नाव-पत्ता. बीवाय म्हणजे घेणारा, एसयू म्हणजे पुरवठादार. पण नाव कुठे आहे? नाहीच. १३ आकडी क्रमांक आहे, त्या जागेचा जागतिक ओळख क्रमांक. 'पुणे शाखा' असं लिहिलं तर कुणी 'पूना ब्रँच' लिहील, क्रमांकात ती भानगड नाही. त्याखाली मालाचा क्रमांक, तो म्हणजे पुड्यावरच्या बारकोडखाली छापलेलेच १३ आकडे. क्यूटीवायमध्ये २१ म्हणजे 'मागवलेली संख्या', ४८ हा आकडा, आणि पीसीई म्हणजे नग. हे शेवटचं छोटंसं 'नग' नीट लक्षात ठेवा, पुढे ते महागात पडणार आहे.

शेवटच्या ओळीतला १० म्हणजे या संदेशात एकूण १० तुकडे आहेत, पहिला आणि शेवटचा धरून. वर मोजून बघा. वाटेत एखादा तुकडा गळला तर हिशोब जुळत नाही आणि समोरचा कॉम्प्युटर अख्खा संदेश परत पाठवतो.

एक अडचण तुमच्याही लक्षात आली असेल. अधिकचं चिन्ह रकाने वेगळे करायला वापरलं, तर खऱ्या मजकुरातच अधिक आलं तर? परदेशात हा प्रश्न बहुतेक आयरिश आडनावांमुळे येतो, ज्यांत मध्येच तो अवतरण टिंब असतो. आपल्याकडे येतो तो पत्त्यांमुळे. 'जी+२ बिल्डिंग'! आमच्या एका पत्त्यात हे होतं आणि समोरच्या सॉफ्टवेअरला आमचं शहर '२ बिल्डिंग' आहे असं वाटायचं. उपाय सोपा आहे: अशा चिन्हाच्या आधी प्रश्नचिन्ह टाकायचं, म्हणजे 'जी?+२'. प्रश्नचिन्हाचा अर्थ, पुढचं चिन्ह साधं अक्षर समज. हे शोधायला आम्हाला दोन दिवस लागले.

संवाद एका फाइलवर थांबत नाही

ऑर्डर गेली, मग पुढे? पुरवठादार उत्तर देतो: हो, देतो, किंवा ४८ नाही ४० मिळतील. गाडी निघाली की तो माल रवाना झाल्याचा संदेश पाठवतो. मग बिल. एडिफॅक्टमध्ये प्रत्येक संदेशाचं नाव सहा इंग्रजी अक्षरांचं असतं, त्यामुळे इन्व्हॉइसचं शेवटचं अक्षर छाटून टाकलंय. एक्स-१२ वाल्यांनी नावांऐवजी आकडे घेतले: ऑर्डर ८५०, तिचं उत्तर ८५५, माल रवाना ८५६, बिल ८१०. अमेरिकन ग्राहकांबरोबर काम करणारी मंडळी जेवतानाही 'अरे ते ८५६ गेलं का?' असंच बोलतात.

वाहन उद्योगात थोडं वेगळं चालतं. तिथे दरवेळी नवी ऑर्डर नसते. वर्षाचा करार एकदाच होतो, मग पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज येत राहतो आणि 'आज दुपारी इतके नग अमुक गेटवर' असा बारीक निरोप वेगळा येतो. चाकणच्या रस्त्यावर सकाळी सकाळी छोटे टेम्पो का पळत असतात याचं हे एक कारण. असेंब्ली लाइनशेजारी साठा फार ठेवत नाहीत. माल वेळेत आला नाही तर लाइन थांबते.

या सगळ्यात माल रवाना झाल्याचा संदेश सर्वांत नाजूक. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे एएसएन म्हणतात. गाडी पोचायच्या आधी तो पोचला पाहिजे, आणि गाडीत जे आहे तेच त्यात लिहिलेलं पाहिजे. प्रत्येक पॅलेटवर १८ आकडी क्रमांकाचं लेबल असतं, तोच क्रमांक एएसएनमध्ये असतो. गेटवरचा माणूस लेबल स्कॅन करतो, कॉम्प्युटर म्हणतो, हां, याचीच वाट बघत होतो. खोकं उघडून मोजायची गरज नाही.

फाइल बरोबर होती, माल अडकला

आता त्या 'नग' वर येतो. आमच्याकडे एक नवा भाग सुरू झाला होता, रबराचा एक छोटा बुश. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा साठा खोक्यांत मोजायचे, एका खोक्यात ५० नग. ग्राहकाला नगांत हवं होतं. बाकी सगळ्या भागांसाठी मी रूपांतराचा तक्ता भरलेला होता. या एका नव्या भागाची ओळ भरायची राहिली. ती ओळ नसली की सॉफ्टवेअर गुणक १ धरायचं.

ग्राहकाने १२०० नग मागवले. आम्ही २४ खोकी भरली, बरोबर १२०० नग. आणि एएसएन गेला: २४ नग.

समोरून लगेच पावती आली, 'संदेश स्वीकारला'. मी निवांत घरी गेलो. गाडी रात्री गेटवर पोचली. त्यांचा कॉम्प्युटर २४ नगांची वाट बघत होता, लेबलवर लिहिलं होतं एका खोक्यात ५०. जुळेना. गेटवरच्या माणसाला दुरुस्ती करायचा अधिकार नाही, तो असूही नये. ड्रायव्हर रात्रभर गाडीत झोपला. सकाळी आमच्या मालकांना फोन, मालकांचा मला फोन. ग्राहकाकडे त्या बुशचा साठा जेमतेम पहिल्या शिफ्टपुरता होता. शेवटी जुना एएसएन रद्द करून नवा पाठवला आणि साडेअकराला माल उतरला. लाइन थांबली नाही, पण दंडाची डेबिट नोट आलीच. ड्रायव्हरच्या त्या दिवसाच्या दोन फेऱ्या बुडाल्या त्या वेगळ्याच. त्याचे पैसे मालकांनी दिले, पण त्याच्याकडे बघताना मला लाज वाटत होती.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तुम्हाला आधीच सांगतो. 'संदेश स्वीकारला' ही पावती फक्त व्याकरणाची असते. एडिफॅक्टमध्ये तिला कंट्रोल संदेश म्हणतात, एक्स-१२ मध्ये ९९७. तिचा अर्थ इतकाच की टिंबं, रकाने, तुकड्यांची मोजणी ठीक आहे. '२४ नग' हे वाक्य व्याकरणाने शंभर टक्के बरोबर होतं, ते फक्त खरं नव्हतं. व्हॉट्सॲपच्या दोन टिकसारखं समजा. टिक आल्या म्हणजे मेसेज पोचला, तुम्ही लिहिलेलं बरोबर होतं असं नाही.

आणि हे पैशांपर्यंत जातं. मोठ्या कंपन्यांत बिल पास होण्याआधी कॉम्प्युटर तीन कागद जुळवतो: ऑर्डर, प्रत्यक्ष जमा झालेल्या मालाची नोंद, आणि बिल. तिन्हींत संख्या आणि दर जुळले तर बिल आपोआप पुढे जातं. नाही जुळले तर ते 'ब्लॉक' होऊन कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहतं. लघुउद्योगांना पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो, पण ती मोजणी माल स्वीकारल्यापासून सुरू होते. माल गेटवरच वादात अडकला तर मोजणीची सुरुवातच वादात. तीस माणसांच्या कारखान्यात एक मोठं बिल अडकलं की पगाराची तारीख हलते. रकान्यातला एक शब्द आणि दहा तारखेचा पगार यांचा संबंध असा असतो.

फाइल जाते कशातून?

पूर्वी मधे एक खासगी 'टपाल कार्यालय' असायचं. त्याला व्हॅन म्हणतात. गाडी नव्हे, मूल्यवर्धित नेटवर्क या अर्थाने. प्रत्येक कंपनीची तिथे एक पेटी, पाठवणारा त्यात टाकणार, घेणारा काढून घेणार. अक्षरांच्या संख्येवर पैसे लागायचे. फाइली इतक्या आखूड आणि कोड्यात लिहिल्यासारख्या का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. जागा आणि लाइन दोन्ही महाग होत्या.

इंटरनेट आल्यावर एएस-२ नावाची पद्धत आली. फाइल एन्क्रिप्ट करायची, आपली डिजिटल सही करायची आणि साध्या वेबच्या रस्त्याने थेट समोरच्याकडे पाठवायची. समोरचा सही केलेली पोचपावती देतो, जुन्या रजिस्टर एडीसारखी. त्यामुळे 'आम्हाला मिळालंच नाही' असं म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या वॉलमार्टने २००२ मध्ये पुरवठादारांना एएस-२ वर यायला सांगितलं आणि मग बाकीच्यांना पर्यायच उरला नाही. यातली एकमेव डोकेदुखी म्हणजे सहीची सर्टिफिकेटं. त्यांना मुदत असते. ती संपली की सगळं बंद, आणि ती हमखास दिवाळीच्या सुट्टीतच संपते असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे हे कुठे दिसतं?

तुम्ही परदेशी विमानाने गेलात तर विमान कंपनी तुमचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टची माहिती उतरणाऱ्या देशाच्या सरकारला आधीच कळवते. त्यासाठी वापरला जाणारा प्रवासी यादीचा संदेश एडिफॅक्टचाच आहे. म्हणजे तुम्ही स्वतः कधीतरी अशा एनएडी तुकड्यात बसून गेला असाल.

न्हावा शेवाला कंटेनर उतरतात त्यांची कस्टम्सची कागदपत्रंही अशीच जातात. जहाज कंपनी मालाची यादी, आयातदार आपलं घोषणापत्र कस्टम्सच्या आइसगेट या पोर्टलवर भरतो आणि तिथून ते कस्टम्सच्या ईडीआय यंत्रणेत जातं. पूर्वी याच कामासाठी माणसं फायलींचे गठ्ठे घेऊन काउंटरमागून काउंटर फिरायची.

पण सगळ्यात मोठा बदल जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसने केला. १ ऑक्टोबर २०२० ला तो ५०० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झाला. मर्यादा खाली येत येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. ई-इन्व्हॉइस म्हणजे पोर्टलवर बिल बनवणं नव्हे. बिल तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये बनतं, ठरलेल्या साच्यात जेसन फाइल होऊन सरकारच्या नोंदणी पोर्टलवर जातं आणि तिथून क्रमांक आणि क्यूआर कोड घेऊन परत येतं. जेसनमध्ये रकान्याचं नाव शेजारीच लिहिलेलं असतं, त्यामुळे फाइल लांब होते पण वाचता येते. एडिफॅक्टमध्ये रकान्याची जागा हेच त्याचं नाव.

तो क्रमांक ६४ अक्षरांचा असतो. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, कागदाचा प्रकार आणि आर्थिक वर्ष या चार गोष्टींतून तो गणिताने निघतो. तेच बिल दोनदा पाठवलंत तर क्रमांक तोच येणार आणि पोर्टल दुसरं नाकारणार. मला ही रचना फार हुशार वाटते. डुप्लिकेट पकडायला वेगळा माणूस बसवायची गरजच ठेवली नाही. तुमच्या किराण्याच्या बिलावर हा क्रमांक शोधू नका, तो व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेल्या बिलांवर असतो.

याला ईडीआय म्हणायचं का, यावर माझे जुने सहकारी वाद घालतात. त्यांचं म्हणणं, ईडीआय दोन कंपन्यांमधलं, इथे मधे सरकार बसलंय. मी म्हणतो, साचा ठरलेला आहे, माणूस टाइप करत नाही, मग नाव काही द्या.

मग एपीआय असताना हे जुनं कशाला?

हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो, बहुतेक नुकतंच कोडिंग शिकलेल्या मुलांकडून. प्रश्न रास्त आहे. एपीआयने उत्तर लगेच मिळतं. गाडी आत्ता कुठे आहे, साठा आत्ता किती आहे, यासाठी एपीआयच बरं. पण एपीआय प्रत्येक कंपनी आपल्या मनाने बनवते. तुमचे ४० ग्राहक असतील तर ४० तऱ्हेच्या एपीआय जोडायच्या. ईडीआयमध्ये निदान ऑर्डर म्हणजे काय, यावर चाळीस जणांचं बरंचसं एकमत असतं. बरंचसं म्हणतोय, कारण प्रत्येक मोठा ग्राहक आपली स्वतःची मार्गदर्शिका काढतोच: हा रकाना आम्हाला हवाच, तो नको. ईडीआयवाल्याचं निम्मं आयुष्य त्या मार्गदर्शिका वाचण्यात जातं.

शिवाय जे चालू आहे ते बंद करून बदलण्याचा खर्च दोन्ही बाजूंना येतो, आणि बाजू दोनच नसतात, हजारो असतात. त्यामुळे जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालतं. आतून फाइल एडिफॅक्टची, बाहेर ॲपवर सुंदर स्क्रीन.

घरी करून बघायचं असेल तर एक प्रयोग सांगतो. बारकोडखालचे १३ आकडे घ्या. डावीकडून पहिले बारा आकडे आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. ती बेरीज पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला जो आकडा लागतो तोच तेरावा आकडा असतो. वरच्या उदाहरणात ८९०१२३४५६७८९ ची बेरीज १३० येते, आधीच दहाची पट, म्हणून शेवटी शून्य. एखादा आकडा चुकीचा टाइप झाला तर हे गणित बिघडतं आणि चूक तिथेच सापडते. आणि हो, ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे भारतात बनलेला माल, असा फॉरवर्ड येतो ना, तो खोटा आहे. ८९० म्हणजे तो क्रमांक जीएस-१ या संस्थेच्या भारतीय शाखेने दिला. माल कुठेही बनलेला असू शकतो.

उद्या नोकरीत कुणी तुमच्या हातात अशी फाइल ठेवली तर घाबरू नका आणि माझ्यासारखी डिलीट करायला जाऊ नका. तिची एक प्रत काढा, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि प्रत्येक अवतरण टिंबानंतर नवी ओळ घाला, 'फाइंड अँड रिप्लेस' ने एका फटक्यात होतं. एक्स-१२ असेल तर तिथे टिंबाऐवजी बहुतेक वेळा ~ हे लाटेसारखं चिन्ह असतं आणि रकान्यांमध्ये तारा. मग पहिली ओळ वाचा म्हणजे कागद कुठला ते कळेल. शेवटची ओळ वाचा आणि तुकडे मोजा. त्यानंतर थेट संख्येच्या ओळीवर जा, आणि आकड्याच्या आधी त्याच्या मागचं एकक बघा.